थर्मोकोलचे पंख

"शाळेची एक आठवण लिहून पाठवा" असा निरोप आपल्या १९९६ च्या दहावीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी लिहायला बसले. आठवण एका पानाची होती. पण तिच्यामागचा इतिहास शोधत गेले आणि पानं वाढत गेली. बाकीच्यांनी सरांविषयी, डब्यांविषयी, शाळेमागच्या चिंचेविषयी लिहिलं असणार. मी थर्मोकोलविषयी लिहिते आहे. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

आपण नववीत असताना, १९९४ च्या हिवाळ्यात, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेतून एक विमान गेलं होतं. काहींना आठवत असेल. ते मी आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने केलं होतं. तिचं नाव इथे लिहू नको असं तिनेच बजावलंय, म्हणून नुसतं 'ती' म्हणते. दिंद्रुडात राहणाऱ्यांना ओळखायला वेळ लागणार नाही.

त्या वर्षी गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाने थर्मोकोलचं मंदिर केलं होतं. कमानी, नक्षीचे खांब, वर कळस. गल्लीतला एक दादा ते रात्र रात्र जागून कापायचा. त्याचं हत्यार म्हणजे बांबूचं धनुष्य, आणि दोरीच्या जागी तार. ती तार विजेच्या जुन्या शेगडीची कॉइल ओढून सरळ केलेली. दोन टोकांना ट्रॅक्टरची बॅटरी जोडली की तार तापायची, आणि खरवसातून दोरा फिरावा तशी थर्मोकोलमधून जायची. आम्ही दोघी ते बघत बसायचो. उरलेले तुकडे दादाने आम्हाला दिले, कुणाच्या तरी घरी नवा टीव्ही आला होता त्याच्या खोक्यातले मिळाले, आणि विमान करायचं ठरलं.

पंख कापायला दादाचं धनुष्य मागून आणलं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. विज्ञानाच्या पुस्तकात मोठ्या विमानाचं चित्र होतं, त्यावरून पंख चांगला जाडजूड केला. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तो धडाला चिकटवायला सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन आणलं. लावलं, आणि थर्मोकोल आमच्या डोळ्यांदेखत विरघळून आत खड्डा पडला! रात्री कंदिलाच्या उजेडात दुसरा पंख कापला आणि या वेळी फेविकोल लावला. सकाळपर्यंत तो ओलाच होता, म्हणून वरून सुतळी गुंडाळली.

पुढचं थोडक्यात सांगते. परीक्षकांसमोर मी ते विमान फेकलं. त्याने नाक वर केलं, क्षणभर हवेत थांबलं आणि शेपटीवर खाली आलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तसंच. एका परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "कुणी करून दिलं हे? भावाने?" आम्ही दोघी गप्प बसलो. ती गप्प बसण्याची लाज मला बक्षीस न मिळण्यापेक्षा जास्त दिवस टोचत राहिली.

दहावीनंतर तिचं लग्न झालं. मी अंबाजोगाई, मग पुणे, इंजिनिअरिंग, नोकरी अशी पुढे सरकत गेले. सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर हाताने काहीतरी करावंसं वाटू लागलं, आणि मी रेडिओ कंट्रोलची ग्लायडर बनवायच्या नादाला लागले. ग्लायडर म्हणजे इंजिनाच्या जोरावर नव्हे, तर लांब पंखांवर आणि वर चढणाऱ्या हवेवर तरंगणारं विमान. पहिल्याच आठवड्यात एका हौशी माणसाने मला पंख कापायची पद्धत दाखवली. बघते तर काय, धनुष्य आणि तापलेली तार! गणपतीतल्या दादाचंच हत्यार. तिथून मी या साऱ्याचा माग काढायला सुरुवात केली.

आधी थर्मोकोल. त्याचं खरं नाव एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन. १९५० च्या सुमारास जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ स्टॅस्टनी या रसायनतज्ज्ञाने ते तयार केलं. पॉलिस्टायरीनच्या साखरेएवढ्या मण्यांत पेंटेन नावाचा द्रव कोंडलेला असतो. वाफ दिली की मणी साळीच्या लाह्यांसारखे फुलतात, चाळीस-पन्नास पट. साच्यात दाबले की एकमेकांना चिकटतात. तयार झालेल्या ठोकळ्यात ९८ टक्के नुसती हवा असते. जर्मनीत त्याला 'स्टायरोपोर' म्हणतात, अमेरिकेत लोक सरसकट 'स्टायरोफोम' म्हणतात (तो खरं तर डाऊ कंपनीचा वेगळ्या पद्धतीचा फोम, दुसऱ्या महायुद्धात त्याचे जीवरक्षक तराफे केले होते). 'थर्मोकोल' हा शब्द मात्र आपल्याकडचाच. बीएएसएफच्या भारतातल्या कंपनीचं ते व्यापारी नाव. ही कंपनी १९४३ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं आर. ए. कोल प्रायव्हेट लिमिटेड. 'थर्मोकोल'मधला 'कोल' कुठून आला असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. पेट्रोलसारख्या द्रावकांत ते विरघळतं, आणि पंक्चरच्या सोल्युशनमध्ये नेमकं तसलंच द्रावक असतं. त्या संध्याकाळच्या खड्ड्याचं उत्तर मला असं पंचवीस वर्षांनी मिळालं. शेगडीच्या कॉइलची तार म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, नायक्रोम. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने त्याचं पेटंट १९०६ मध्ये घेतलं. तो तापला तरी लवकर गंजत नाही, तुटत नाही, म्हणून इस्त्रीपासून शेगडीपर्यंत सगळीकडे गेला.

मॉडेल विमानांचे पंख पूर्वी बाल्साच्या हलक्या लाकडाच्या बरगड्या रचून करत. एका पंखाला वीस-तीस बरगड्या, त्यावर ताणून बसवलेला कागद किंवा रेशीम. महिनाभराचं काम आणि पहिल्या धडकेत चुरा. साठ-सत्तरच्या दशकांत फोम आणि तापलेली तार आली आणि तोच पंख एका दुपारी होऊ लागला. माणसं बसतील अशी विमानंही या पद्धतीने झाली. बर्ट रुटान या अमेरिकन अभियंत्याचं व्हॅरिईझ हे विमान १९७५ मध्ये उडालं. त्याचे पंख तारेने कापलेल्या फोमवर काचतंतूचं कापड आणि राळ चढवून केलेले होते, आणि लोक त्याचा नकाशा विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये विमान बनवत.

तारेने पंख कापणं हे दोन माणसांचं काम आहे, ते जरा नीट सांगते. पंखाच्या आडव्या छेदाचा आकार सनमायकाच्या पट्टीवर कापून दोन साचे करायचे, एक धडाकडच्या टोकाचा, एक बाहेरच्या टोकाचा. ते फोमच्या दोन्ही बाजूंना टाचण्यांनी बसवायचे आणि तार दोन्ही साच्यांवरून एकाच वेळी सरकवायची. पण पंख टोकाकडे निमुळता असतो, म्हणजे एका साच्याची वाट लांब, दुसऱ्याची आखूड. दोघांनी सारख्याच वेगाने तार ओढली तर पंख पिळला जातो. म्हणून दोन्ही साच्यांवर एक ते दहा आकड्यांच्या खुणा करतात. एक जण मोठ्याने आकडा म्हणतो, दुसरा आपल्या बाजूच्या त्याच खुणेवर त्याच क्षणी पोचतो. तार जास्त तापली तर फोम जास्त जळतो आणि पंख बारीक होतो. कमी तापली तर मधला भाग मागे रेंगाळतो आणि मागच्या कडेला बाक येतो. मध्येच थांबलं तर तिथे खोबण पडते. आणि हे उघड्यावरच करायचं, तो धूर छातीत जाऊ देण्यासारखा नसतो.

आता सनमायकावर काढायचा आकार कोणता, हा खरा प्रश्न. त्याच्या उत्तराला दोनशे वर्षं लागली.

आपल्याकडे हा विषय निघाला की मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचं १८९५ सालचं विमान निघतंच. आपल्या सरांनीही ते सांगितलं होतं. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा मला सापडला नाही. आणि खरं सांगायचं तर पहिलं कोण उडालं यापेक्षा पंख का उचलतो हे कुणी मोजलं, यात मला जास्त रस आहे. ते मोजणारा पहिला मोठा माणूस म्हणजे जर्मनीचा ऑटो लिलिएंथाल. पक्ष्यांच्या पंखांसारखे वरच्या अंगाला फुगीर, बाक असलेले पंख सपाट फळीपेक्षा कितीतरी जास्त उचल देतात हे त्याने मापं घेऊन दाखवलं, कोष्टकं छापली आणि १८९१ पासून स्वतः टेकड्यांवरून ग्लायडर उडवले, दोन हजारांच्या आसपास वेळा. तोल तो स्वतःचं शरीर पुढे-मागे हलवून सांभाळायचा. ऑगस्ट १८९६ मध्ये हवेच्या झोताने त्याच्या ग्लायडरचं नाक वर गेलं, उचल संपली आणि तो सुमारे पंधरा मीटरवरून पडला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

नाक वर, क्षणभर थांबणं, मग खाली. आमचं विमान तालुक्याला जे करून आलं, ते हेच. याला स्टॉल म्हणतात. पंख वाऱ्याला प्रमाणाबाहेर तिरपा झाला की त्याच्या पाठीवरून हवा सुटते आणि उचल जाते. आमच्या विमानाचं नाक वर जात होतं, कारण ते शेपटीकडे जड होतं. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर हवा. आमचा अर्ध्याच्याही मागे होता. नाकाला एक रुपयाची दोन नाणी चिकटवली असती तर काम झालं असतं. जाड पंखाचा दोष होताच, पण तो दुसरा.

लिलिएंथालची कोष्टकं घेऊन अमेरिकेतल्या डेटन गावच्या राइट बंधूंनी १९०१ चा ग्लायडर बांधला. त्याने हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल दिली. दोघं निराश झाले, पण त्यांनी कोष्टकांवर आंधळा विश्वास ठेवायचं थांबवलं. आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीचं लाकडी खोकं केलं, एका टोकाला पंखा लावला, करवतीची पाती आणि सायकलचे स्पोक वापरून तराजू केला आणि दोनेकशे छोटे पंख तपासले. निष्कर्ष गमतीचा निघाला. लिलिएंथाल बराचसा बरोबर होता. मोठी चूक होती हवेच्या दाबाच्या एका गुणकात, जो अठराव्या शतकातल्या जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने चालत आला होता. सगळे ०.००५ धरत होते, राइट बंधूंना तो ०.००३३ च्या आसपास मिळाला. सव्वाशेहून जास्त वर्षं लोक दीडपट फुगलेला आकडा वापरत होते! माझ्या धंद्यात असं रोज होतं. आपला कोड तपासून तपासून डोळे दुखतात आणि चूक निघते कुणीतरी फार पूर्वी लिहिलेल्या, सगळ्यांनी गृहीत धरलेल्या एका ओळीत. त्यामुळे राइट बंधूंचं उड्डाण मला १९०३ चं वाटत नाही, १९०१ च्या त्या खोक्यातलं वाटतं.

पुढे पंखांच्या आकारांची शास्त्रशुद्ध मालिकाच तयार झाली. अमेरिकेच्या नाका या संस्थेने १९३३ मध्ये चार आकडी क्रमांकांचे आकार प्रसिद्ध केले, ते आजही शिकवतात. मॉडेलवाल्यांनी तेच उचलले, आणि फसले. कारण लहान विमान म्हणजे मोठ्या विमानाची नुसती छोटी प्रत नसते. पंखाची रुंदी आणि वेग यांवरून रेनॉल्ड्स संख्या निघते. प्रवासी विमानाची ती कोटींच्या घरात असते, आणि वीस सेंटीमीटर रुंदीच्या, सेकंदाला आठ मीटर जाणाऱ्या माझ्या ग्लायडरची लाखभर. इतक्या खालच्या आकड्यावर हवा चिकट वागते, पंखाच्या पाठीवरून लवकर सुटते, आणि जाड पंख तर फारच वाईट वागतो. पुस्तकातल्या विमानासारखा जाडजूड पंख करून आम्ही नेमकी हीच चूक केली होती.

ही अडचण हौशी लोकांनीच सोडवली, हा या इतिहासातला माझा आवडता भाग. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल सेलिग हा विद्यार्थी आणि त्याचे दोन सोबती, जॉन डोनोव्हन आणि डेव्हिड फ्रेझर, यांनी लहान वेगाचे पंख वाऱ्याच्या बोगद्यात तपासले. तपासायचे नमुने बरेचसे मॉडेलवाल्यांनी आपापल्या घरी करून दिले होते. साठेक आकारांची ही मापं १९८९ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी एक्सफॉइल हा प्रोग्रॅम लिहिला. पंखाचा आकार द्या, तो उचल आणि ओढ सांगतो. तो फोरट्रानमध्ये आहे, फुकट मिळतो आणि अजून वापरात आहे. मी त्याचा कोड वाचलाय. आजच्या आमच्या कित्येक प्रॉडक्टपेक्षा स्वच्छ आहे, पण हे ऑफिसात बोलायची सोय नाही.

फोमही बदलला. ऐंशीच्या दशकात मोटारींच्या बंपरसाठी एक्स्पांडेड पॉलिप्रॉपिलीन आलं. ते दाबलं तरी परत फुगतं, आपटलं तरी तुटत नाही. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर लोक त्याचे बिनशेपटीचे ग्लायडर एकमेकांवर आपटून खेळू लागले. थर्मोकोलचा पंख नुसता ठेवला तर मोडतो, म्हणून त्यात बांबूची कामटी किंवा कार्बनची सळई बसवतात, वरून खाकी कागद पातळ केलेल्या फेविकोलने चढवतात. कागद वाळताना आकसतो आणि पंखाला हाडासारखा कडकपणा येतो. बाजारातल्या तयार ग्लायडरचे पंखही आम्ही असेच चिरतो, सळई घालतो, पाठीवर पुढच्या कडेजवळ चिकटपट्टीची बारीक रेघ देतो, म्हणजे हवा जरा खवळते आणि पाठ सोडत नाही. क्लाइन आणि फॉगलमन या दोघांनी कागदी विमानावरून काढलेला पायरीचा पंख (पेटंट १९७२) मी करून पाहिला. फोमची एक पट्टी वर चिकटवली की झाला. मोठ्या विमानासाठी तपासणीत तो निकामी ठरला, पण पोरांच्या विमानाला बरा आहे, सहजासहजी स्टॉल होत नाही.

पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे. कॉलेजात असताना तिथे विंचच्या दोराने ओढून वर चढवलेला ग्लायडर पाहिला होता. भारतात बनलेला 'रोहिणी' हा दोन माणसांचा लाकडी ग्लायडर १९६१ मधला, एस. रामामृतम यांचा. इंजिन नसलेली ती लांब पंखांची वस्तू वर गोल फिरत होती आणि मला आपल्याकडच्या घारी आठवल्या. एप्रिलात नांगरलेली काळी जमीन तापते, हवेचा स्तंभ उठतो, खाली वावटळ दिसते आणि वर घार पंख न हलवता चढत जाते. लहानपणी वावटळ आली की आम्ही घरात पळायचो, भूत म्हणून. आता ती दिसली की मी ग्लायडर तिकडे वळवते.

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी आणली. त्या गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी म्हणून सजावटवाले उच्च न्यायालयात गेले होते, ती मिळाली नाही. बंदी योग्यच होती असं मला वाटतं. विसर्जनानंतर ओढ्यात तरंगणारे ते पांढरे खांब मीही पाहिलेत. पण तापल्या तारेची ती कला जाणणारी हातांची एक पिढी त्यात बाजूला पडली, हेही खरं. दादा आता मंडपाची कामं घेतो. मी नवं थर्मोकोल विकत आणत नाही, फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातलं वापरते.

पुण्यात मी एकटीच कापायचे. दोन मोटरांवर चालणारं यंत्र केलं, त्याचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. दोन्ही टोकं बरोबर वेगाने जातात, कुणी आकडे म्हणावे लागत नाहीत. पंख उत्तम निघतात.

गेल्या दिवाळीत दिंद्रुडला आले तेव्हा यंत्र नव्हतं. धनुष्य, तार आणि फोम घेऊन तिच्या अंगणात गेले. तिची सून हसत होती. तीस वर्षांनी आम्ही तार दोन टोकांना धरली. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, चारला ती ओरडली, "थांब गं, तुझा हात पुढं पळायलाय." माझाच पळत होता. पहिला पंख पिळला गेला. दुसऱ्याला आकडे तिने म्हटले आणि तो सरळ निघाला.

सोयाबीन निघालेल्या रानात आम्ही तो उडवला. पहिल्या फेकीला नाक वर, थांबणं, शेपटीवर खाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिने कनवटीची दोन नाणी काढून दिली, मी ती नाकाला चिकटपट्टीने बसवली. दुसऱ्या फेकीला ते बांधापर्यंत सरळ गेलं. मग पुढची छोटी मोटर लावून वर नेलं, मोटर बंद केली आणि ते रानावर गोल फिरू लागलं. बांधावर जमलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कुणी केलंय हे?"

"आमी दोघींनी," ती म्हणाली.

उतरताना ते बाभळीत अडकलं आणि डाव्या पंखाचं टोक गेलं. सनमायकाचे साचे तिच्याकडेच आहेत, पिठाच्या डब्यामागे. संमेलनाला येताना ते घेऊन ये असं तिला सांगितलंय. तार आणि बॅटरी मी आणते.